बंद करायचंच असेल तर हिशोब द्या

कोविडचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते लॉकडाऊन केला म्हणून वाचलो, अजून कडक करायला हवा होता, लोकांना अक्कलच नाही. दुसरी म्हणते सगळा बाऊ होता, साधा ताप होता, लोकांचे धंदे फुकट बुडवले. लग्नाच्या पंगतीत, कदंबाच्या बसमध्ये, देवळाच्या पायरीवर, कुठेही ऐका, हेच. आणि दोघंही पेटून बोलतात, कारण दोघांच्याही घरात काही ना काही घडलंय, कोणाचा माणूस गेलाय, कोणाचं दुकान गेलंय. त्यामुळे मी कोणालाच मूर्ख म्हणणार नाही. पण मला वाटतं दोघंही नंतरच्या प्रश्नावर भांडतायत. किती बंद करायचं हे नंतर ठरतं, आधी हे विचारायला पाहिजे की कोणाचं बंद करायचं, कधी करायचं, त्याचा भुर्दंड कोण भरणार, आणि लोकांनी घरात बसून जो वेळ मिळवून दिला त्या वेळेत सरकारनं काय केलं.

गोव्यापुरतं बोलतो, कारण ते मी जवळून बघितलंय.

मार्च २०२०. २२ तारखेला जिल्हा पंचायतीचं मतदान ठरलेलं, त्याच दिवशी जनता कर्फ्यू आला, तर मतदान पुढे ढकललं ते फक्त दोन दिवस, २४ ला. म्हणजे तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की एक रविवार घरात काढला की सोमवार-मंगळवारी लोकांना परत रांगेत उभं करता येईल. मग तेही रद्द झालं, २४ च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि चार तासांत देश बंद. गोव्यात पहिले तीन पेशंट सापडले ते २५ मार्चला, तिघेही प्रवास करून आलेले. पेशंट तीन, आणि आपल्याकडे किराणा मालाची दुकानंसुद्धा बंद! दूध नाही, भाजी नाही, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू नाही. सामान घरपोच देऊ म्हणाले पण देणार कोण, फोन कोणाला करायचा, वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला ते जमणार कसं, याचा कोणी विचार केला नव्हता. पिशवी घेऊन बाहेर पडला की पोलिसाची काठी. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे काही दिवसांनी दुकानं उघडली. आपल्याकडे भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते, दूधसुद्धा बरंचसं बाहेरून येतं, हे काय त्या आठवड्यात कळलं का कोणाला? गोवा स्वतःच्या ताटातलं सगळं स्वतः पिकवत नाही हे इथलं शाळकरी पोरगंही सांगेल.

आता त्या बंदच्या बाजूनं जे बोलता येतं तेही बोलतो. रोग नवा होता, औषध माहीत नव्हतं, टेस्ट करायला आपल्याकडे लॅबसुद्धा नव्हती, सुरुवातीचे नमुने पुण्याला एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, पाठवायला लागत होते. अशा वेळी थांबा म्हणणं चुकीचं नव्हतं, मी सरकारमध्ये असतो तरी थांबाच म्हटलं असतं. आणि त्याचा फायदाही झाला, १९ एप्रिलपर्यंत सातच्या सात पेशंट बरे होऊन घरी गेले, राज्यात एकही ॲक्टिव्ह केस नाही, सगळीकडे अभिनंदन, मग ग्रीन झोन. ठीक आहे. पण बंद म्हणजे सरकारनं लोकांकडून उसना घेतलेला वेळ असतो, आणि उसनं घेतलं की त्याचं काय केलं हे विचारायचा हक्क देणाऱ्याला असतो. आपण ते विचारलंच नाही. आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या आणि गप्प बसलो.

तो वेळ कोणाच्या खिशातून गेला ते बघूया, कारण पगारदार माणसाच्या हे लक्षातच येत नाही, त्याच्या खात्यात एक तारखेला पैसे पडतात, फ्रीज भरलेला असतो, त्याला 'जीव महत्त्वाचा, पोट नंतर' म्हणणं सोपं जातं. एप्रिल-मे हा आपल्याकडे पुरुमेंताचा काळ, पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, हरमलच्या मिरच्या, कांद्याच्या माळा, सोलं, खारे बांगडे, सुकी सुंगटं. आमच्या वाड्यावर एक काकी आहे, दरवर्षी चिंच आणि सोलं विकते. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, उन्हात घालायची, मीठ लावून गोळे वळायचे, बोटांची सालं निघतात त्यात, आणि हे सगळं मार्चच्या आत उरकायचं कारण मग सोलांचं काम सुरू होतं. त्या दोन महिन्यांच्या विक्रीवर तिचा पावसाळा चालतो, पोरीची फी, घरावरची कौलं परतणं, सगळं. त्या वर्षी गोळे वळून डबे भरून ठेवलेले आणि बाजारच नाही. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुझं किती गेलं. तिचं नाव कुठल्या यादीतच नाही, ती कामगार नाही, दुकानदार नाही, शेतकरी कार्ड तिच्या नवऱ्याच्या भावाच्या नावावर. बाजार मोकळ्या मैदानावर नेता आला असता, माणसं लांब लांब बसवता आली असती, एका दिवसाऐवजी सहा दिवस भरवून गर्दी पांगवता आली असती. पण बंद करणं सोपं असतं, एक ऑर्डर काढली की झालं, आणि पांगवायचं म्हटलं की कोणीतरी उन्हात उभं राहून काम करायला लागतं.

काजूवाल्यांचंही तेच. सत्तरीत ज्यांच्या बागा आहेत त्यांना विचारा, बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून पडला की तो कर्फ्यू संपायची वाट बघत नाही, एक-दोन दिवसांत नासतो. सीझन मार्च ते मे. कोणाच्या तरी मनात आलं असतं तर पहिल्याच दिवशी बागायतीची कामं सूट यादीत आली असती, कारण डोंगरावर काजू वेचणाऱ्या चार माणसांमध्ये अंतर असतंच की.

आणि सीमेवरची माणसं तर विसरूनच गेलो आपण. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याकडची कितीतरी पोरं रोज मोटारसायकलने पत्रादेवीवरून नाहीतर डिचोलीकडून गोव्यात कामाला येतात, औषधांच्या कंपन्यांत, हॉटेलांत, गॅरेजमध्ये. तिकडचे पेशंट बांबोळीला, आपल्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, म्हणजे गोमेकॉत, येतात. कागदावर दोन राज्यं असतील, पण सोयरिकी, देवळं, जत्रा, बाजार सगळं एक. त्यांच्यासाठी नाका बंद झाला म्हणजे नोकरी गेली, आणि नाका उघडल्यावरही कधी पास, कधी टेस्ट, कधी हे नको ते आणा. पर्यटक मात्र २०२० च्या जुलैपासूनच अटींवर येऊ लागला आणि सप्टेंबरमध्ये अटीही गेल्या. मला पर्यटकांचा राग नाही, निम्मा गोवा त्यांच्यावर जगतो, खाणी २०१८ मध्ये परत बंद पडल्यावर तर जास्तच. पण रोज येऊन काम करून परत जाणारा माणूस आणि चार दिवस मजा करायला येणारा माणूस यांत आधी कोणाला सोडायचं हे ठरवताना ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं गेलं.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, सगळं उघडं ठेवा म्हणणाऱ्यांकडे. त्यांना मे २०२१ मध्ये बांबोळीला न्यायला हवं होतं.

कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण उघडंच ठेवलं होतं. केसेस चढत होत्या, महाराष्ट्रात निर्बंध लागले होते, दिल्लीत ऑक्सिजनवरून बोंब होती, आणि २३ एप्रिलला आपल्याकडे मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे, सांगे अशा पाच पालिकांचं मतदान झालं. प्रचार झाला, घरोघरी माणसं फिरली. मग २९ एप्रिलच्या संध्याकाळपासून ३ मेच्या सकाळपर्यंत लॉकडाऊन, चार दिवसांचा. त्यानं काय होणार होतं? मग ९ मेपासून कर्फ्यू. तोपर्यंत काही दिवस असे गेले की टेस्ट केलेल्या दोघांमधला एक पॉझिटिव्ह निघत होता. बाहेरून येणाऱ्याला टेस्टचं सर्टिफिकेट लागेल हेसुद्धा हायकोर्टाला सांगायला लागलं, १० मेपासून. त्या मधल्या काळात कळंगुटसारख्या पंचायती स्वतःहून आपला गाव बंद करत होत्या. म्हणजे जे गाव पर्यटकांवर जगतं तेच म्हणत होतं बंद करा. तेव्हा लोकांना अक्कल नाही, लोक ऐकत नाहीत, ही जी तक्रार असते ना, ती निदान आपल्या बाबतीत मला मान्य नाही. २०२० च्या जूनमध्ये मांगोरहिलचा उद्रेक झाला तेव्हासुद्धा वास्को पूर्ण बंद करा म्हणून वास्कोचेच लोक मागे लागले होते. लोक सरकारच्या पुढे होते, दोन्ही वेळेला.

आणि गोमेकॉ. ज्यांचं कोणी त्या आठवड्यात तिथे होतं त्यांना सांगायला नको. खाटा नाहीत म्हणून माणसं जमिनीवर, व्हरांड्यात, व्हीलचेअरवर. आणि पहाटे दोन ते सहा, त्या चार तासांत माणसं जायची. ११ मेच्या पहाटे २६ गेली, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं आणि हायकोर्टानं चौकशी करावी म्हणाले, नंतरच्या रात्रीही तेच चाललं. ऑक्सिजन सिलिंडरच्या ट्रॉलीतून यायचा, ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, एक संपून दुसरी जोडेपर्यंत दाब पडायचा. पेशंटचे नातेवाईक रात्रभर जागून त्या मीटरकडे बघत बसायचे, कोणी खाली धावत जायचं, कोणी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावायचं. शेवटी कोर्टाला सांगायला लागलं की ऑक्सिजनवाचून कोणी मरता कामा नये. वीस हजार लिटरची टाकी बसली ती त्याच महिन्यात, हे सगळं झाल्यावर.

मे २०२१ मध्ये. पहिला लॉकडाऊन मार्च २०२० मध्ये. मधे चौदा महिने.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. त्या काकीची चिंच, त्या दोडामार्गच्या पोराची नोकरी, काजूवाल्याचे बोंडू, हे सगळं देऊन चौदा महिने विकत घेतले होते, आणि ती टाकी त्या चौदा महिन्यांत कधीही बसवता आली असती. ज्यानं पहिल्या वेळेला सगळं सोसलं त्याच्याच घरातला माणूस दुसऱ्या वेळेला पहाटे तीन वाजता गेला. मग तो लोकांवर चिडणार नाही तर काय, आणि पुढच्या वेळेला तुम्ही बंद करा म्हटल्यावर तो ऐकेल का तुमचं? साधा ताप होता म्हणणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांना ताप साधा वाटतो म्हणून ते तसं बोलत नाहीत. त्यांना फसवल्यासारखं वाटतं म्हणून बोलतात. पण त्यांनी हेही बघावं की उघडं ठेवल्यानं धंदा वाचला नाही, त्या मे महिन्यात बाजारात दुकानं उघडी होती तिथेही गिऱ्हाईक नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी तापानं पडलेलं. गोव्यात कोविडनं चार हजारांच्या आसपास माणसं गेली, पंधरा लाखांच्या राज्यात, आणि त्यातला मोठा वाटा त्या एका लाटेचा. हॉस्पिटल भरलं की कोविडवालाच मरतो असं नाही, हार्ट अटॅकवाल्यालाही खाट मिळत नाही, अपघातवाल्यालाही मिळत नाही. तेव्हा थांबायचं की नाही, तर थांबायचं, आणि २०२१ मध्ये एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच थांबायला पाहिजे होतं, प्रचार बंद, पार्ट्या बंद, कॅसिनो बंद, मोठी लग्नं बंद, मतदान पुढे. दोन-तीन आठवडे. माझ्या मते तेवढ्यानं पुष्कळ माणसं वाचली असती.

स्वीडनचं नाव या वादात हमखास येतं म्हणून दोन ओळी. त्यांनी लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या, लोकांना सक्ती कमी केली. पण त्यांच्याच सरकारनं नेमलेल्या कमिशननं नंतर सांगितलं की सक्ती न करण्याचा रस्ता ढोबळमानानं बरोबर, तरी सुरुवातीला अजून लवकर आणि अजून ठाम पावलं उचलायला हवी होती. अर्धंच वाक्य उचलून भांडू नये कोणीही.

सक्तीचं म्हटलं तर मराठी माणसाला हे सांगायला नको. १८९७ चा पुण्याचा प्लेग, रँड, घराघरात शिरणारे गोरे शिपाई, देवघरात बूट, बायकांची तपासणी. रोग खरा होता, माणसं पटापट मरत होती, पेशंटची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच प्लेगनं मार्च १८९७ मध्ये गेल्या. रोग्याला वेगळं काढणं ही कल्पनाही वैद्यकीय दृष्टीनं चुकीची नव्हती. पण ज्या रीतीनं केलं त्यानं लोक पेशंट लपवायला लागले, आणि जूनमध्ये रँडवर गोळी चालली. त्याच वर्षी केलेला साथरोग कायदा, तोच कायदा २०२० मध्ये देशभर काढला. सव्वाशे वर्षांत रोगांची सगळी माहिती बदलली, लस आली, टेस्ट आली, मोबाईल आला, आणि सरकारच्या हातातलं एक हत्यार तेच, साहेबानं दिलेलं, ज्यात सरकारला काय काय करता येईल ते लिहिलंय आणि लोकांना काय मिळेल याची कसली हमी नाही. कोणाचा रोजगार बुडवला तर काय द्यायचं, किती दिवसांनी ऑर्डर परत तपासायची, काही नाही.

शाळांबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. २०२० मध्ये कॅसिनो सुरू झाले १ नोव्हेंबरला. दहावी-बारावीचे वर्ग सुरू झाले २१ नोव्हेंबरला. पहिलीत नाव घातलेल्या पोरानं ते सबंध वर्ष शाळेचा वर्ग बघितला नाही. २०२१ मध्ये कॅसिनो उघडले सप्टेंबरमध्ये, नववी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबरमध्ये, लहान पोरं अजून मागे. २०२२ च्या जानेवारीत परत शाळा बंद झाल्या, त्याच दिवसांत विधानसभेचा प्रचार गल्लीगल्लीत चालू, मतदान १४ फेब्रुवारीला झालं आणि शाळा २१ ला उघडल्या. हा क्रम कोणी ठरवला? कुठल्या डॉक्टरनं? कॅसिनोचा महसूल लागतो हे मला कळतं, पण मग तसं सरळ सांगावं, लोकांच्या आरोग्यासाठी म्हणून सांगू नये. मधल्या काळात ऑनलाईन. सत्तरीत, सांग्यात, काणकोणच्या आतल्या गावांत नेटवर्कसाठी पोरं डोंगर चढून बसायची, जुलैच्या पावसात एका हातात छत्री, एका हातात बापाचा मोबाईल, तोही बाप कामावर गेला नसेल तर. आमच्या शेजारचा मुलगा तेव्हा तिसरीत होता. बाईंनी पाठवलेला पाढ्यांचा व्हिडिओ उघडेपर्यंत नेटपॅक संपायचा. आता तो मोठ्या वर्गात आहे आणि भागाकार घातला की पेन्सिल चावत बसतो, आईला वाटतं पोरगं ढ आहे. ढ नाहीये ते. त्याची दोन वर्षं आपण घेतली आणि परत दिली नाहीत. एक जादा तास, एक उन्हाळी वर्ग, काहीतरी करता आलं असतं, आजही येईल.

म्हणून पुढच्या वेळेला, आणि पुढची वेळ येणार, याच नाहीतर दुसऱ्या रोगानं, माझं म्हणणं असं की बंद करायचा क्रम आत्ताच ठरवून लिहून ठेवा, शांत डोक्यानं, विधानसभेत चर्चा करून. सगळ्यात आधी सभा, प्रचार, पार्ट्या, कॅसिनो. सगळ्यात शेवटी प्राथमिक शाळा आणि खाण्याचा बाजार, आणि उघडताना याच्या बरोबर उलटं. ऑर्डर निघेल तिच्यात लिहायचं की किती खाटा भरल्या म्हणून बंद करतोय आणि किती रिकाम्या झाल्या की उघडणार, म्हणजे माणसाला आपल्या धंद्याचा अंदाज लावता येईल. ज्याचा रोजचा पैसा बंद पडणार त्याच्या हातात पैसे आधी, ऑर्डर नंतर, आणि त्यासाठी यादी लागते, ती साथ आल्यावर बनत नाही. हे महाग आहे म्हणतील. महाग आहेच. पण तो खर्च आजही होतोच, तो फक्त काकीच्या डब्यातून होतो म्हणून बजेटमध्ये दिसत नाही.

पणजीत बसून ही यादी होणार नाही, ती पंचायतीतच व्हायला पाहिजे, कारण कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते आणि तिचा मुलगा बोटीवर आहे हे वॉर्डाच्या पंचाला माहीत असतं, मामलेदाराला नसतं. कोणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, कोणाची गाडी रात्री मिळेल, बाजार पांगवायचा झाला तर कुठलं मैदान, ऑनलाईनची वेळ आलीच तर नेटवर्क कुठल्या वाड्यावर येतं आणि तिथे मुलांना बसायला छप्पर आहे का. आमच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय लेखी दिलाय, सचिवाचा शिक्का मारून पोच घेतलीय. तुमच्याही गावात द्या, रविवारी ग्रामसभेला माणसं कमी असतात, पाच-सहा जण उभे राहिले तरी ठराव मिनिट्समध्ये येतो.